हलक्या गिअरवर

धोंडिराम : आगं पर सातारपास्नं? सायकलीवर? तुझा गुडघा कामातनं गेलाय म्हनून ऐकलं हुतं मी.

पल्लवी : गेलाच आहे, अण्णा. त्याला घेऊनच आले.

धोंडिराम : आधी बस खाली. त्या खुर्चीवर नगं, तिचा एक पाय हलतोय. बाकड्यावर बस. पानी घे. कवा निघालीस?

पल्लवी : गुरुवारी सकाळी.

धोंडिराम : गुरुवारी? आन आज शनिवार.

पल्लवी : तीन दिवस लागले. पहिला मुक्काम उंब्रज, दुसरा पेठनाका.

धोंडिराम : तीन दीस! आगं, सातारा-सांगली तू चार तासांत मारलंयस. मी मागनं मोटरसायकलवर हुतो, मला घाम फुटला हुता तुला गाठताना.

पल्लवी : तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आता सदतीस. आणि घाई कुणाला आहे? ऑफिसात रजेचा अर्ज टाकला, साहेबांनी सही केली. कुठे चाललीस म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही.

धोंडिराम : जिल्हा परिषदेतच हैस आजून?

पल्लवी : हो. तेच ऑफिस, तेच टेबल. खिडकी तेवढी बदलली.

धोंडिराम : आन घरी कोन असतं?

पल्लवी : कुणी नाही. आई होती माझ्याजवळ. दीड वर्षापूर्वी गेली.

धोंडिराम : आई गेली? आन मला कळवलं न्हाईस व्हय गं?

पल्लवी : नाही कळवलं.

धोंडिराम : आमची सुला गेली ते कळवाय मी फोन लावला हुता तुला. दोनदा लावला. उचलला न्हाईस.

पल्लवी : माहीत आहे. फोन हातातच होता. तुमचं नाव दिसत होतं. वाजून वाजून बंद होईपर्यंत बघत बसले. काकूंचं मला नंतर कळलं.

धोंडिराम : आकरा वर्सं, पल्लवे. दर दिवाळीला करत हुतो. मग म्हटलं, जाऊ दे. पोरगी सायब झाली. सायकलवाल्या अण्णाशी काय बोलायचं तिनं?

पल्लवी : तसं नव्हतं ते.

धोंडिराम : मग कसं हुतं?

पल्लवी : सांगते. ते सांगायलाच आले. पण आधी तुम्ही सांगा. मघाशी पाणी आणायला उठलात, तेव्हा आधी बाकडं धरलंत, मग भिंत, मग दाराची चौकट. दोन्ही गुडघे का?

धोंडिराम : उजवा लय. डावा आपला त्याच्या सोबतीला.

पल्लवी : सायकलवर किती दिवसांत बसला नाहीत?

धोंडिराम : वरीस झालं. तुला कोन बोललं?

पल्लवी : अबोली. आपल्या सायकल क्लबातली. माहेराला आली होती ना दिवाळीत. परत जाताना साताऱ्यात भेटली. म्हणाली, अण्णा सायकल दुरुस्त करतात आणि गिऱ्हाइकालाच सांगतात, जरा चालवून बघ रं म्हणून.

धोंडिराम : तिला तेवढंच दिसलं. चाक बसवायचं, ब्रेक आवळायचा, आन सायकल दुसऱ्यानं न्ह्यायची. मी हितनं बघायचं, नीट पळती का. आवाजावरनं कळतंय मला.

पल्लवी : डॉक्टरांना दाखवलंत?

धोंडिराम : दाखवलं की. सांगलीला. फोटू काढला. त्यो म्हनला, वाट्या बदला. आमचा पृथ्वीराजबी तेच म्हनतोय. पुण्याला या, हितं करू, दोन्ही एकदम. मी न्हाई म्हनलं.

पल्लवी : भीती वाटते?

धोंडिराम : कापाकापीची न्हाई. पर पुण्याला गेलो की परत यायचो न्हाई मी. पोरगं वाईट न्हाई गं. सूनबी चांगली हाय. पर पाय बरं झालं की त्यो म्हनल, अण्णा आता कशाला जाताय, तिथं कोन हाय? आन खरंच की. कोन हाय? त्याला सांगाय माझ्याकडं एक नाव न्हाई.

पल्लवी : मलाही ऑपरेशनच सांगितलं होतं.

धोंडिराम : कवा?

पल्लवी : अकरा वर्षांपूर्वी. जिना उतरता येईना. कठडा धरायचा, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. रांगणाऱ्या पोरासारखी उतरायचे मी ऑफिसचा जिना. सगळे पुढे निघून गेले की मग उतरायचे, कुणी बघू नये म्हणून.

धोंडिराम : सव्वीस वर्सांची आसशील तवा.

पल्लवी : सव्वीसच. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हटलं. दुसऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, थांबा, एक वर्ष व्यायाम करून बघू, मांडीला आणि कंबरेला ताकद आणू, मग ठरवू. आणि मग विचारायला लागले. वाटीखालची कूर्चा, ती मऊ गादी, एवढ्या लवकर कशी झिजली? किती वर्षांपासून सायकल चालवता? मी म्हटलं, तेराव्या वर्षापासून. रोज किती? म्हटलं, साठ, कधी ऐंशी. कुठला गिअर? म्हटलं, जड. वाऱ्याच्या तोंडाला, चढाला, कायम जड. सीट कशी होती? म्हटलं, खाली. सूज असताना चालवलीत का? ते लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, तुमचा कोच कोण होता?

धोंडिराम : काय सांगितलंस?

पल्लवी : म्हटलं, कुणी नव्हता. माझी मीच करायचे.

धोंडिराम : आसं का म्हनलीस?

पल्लवी : माहीत नाही. त्यांनी तुम्हाला नावं ठेवली असती, ते मला ऐकवलं नसतं. का मलाच तुम्ही नको होतात? अकरा वर्षं विचार करतेय. तुम्हाला वाचवलं की पुसून टाकलं, ते काही कळत नाही. पण त्या दिवसापासून तुमचा फोन उचलवला नाही.

धोंडिराम : जयपूरच्या शर्यतीचं सांगितलंस त्यास्नी?

पल्लवी : सांगितलं. आदल्या दिवशी गुडघा इतका सुजला होता की पँटची नळी वर जाईना. सकाळी दोन गोळ्या घेतल्या, पट्टी बांधली आणि चाळीस किलोमीटर चालवली. गोळ्या कुणी दिल्या, ते नाही सांगितलं.

धोंडिराम : मी दिल्या.

पल्लवी : हो.

धोंडिराम : पट्टीबी मीच बांधली. तू म्हनालीस, अण्णा, लय दुखतंय. मी म्हनलं, चाळीसच किलोमीटर हैत, पल्लवे, डोळं झाकून मार.

पल्लवी : पण मेडल आलं. त्याच मेडलवर नोकरी लागली. नोकरी होती म्हणून आईचं आजारपण निभावलं. मग मी राग धरू तरी कसा? तुम्ही माझ्या भल्यासाठीच...

धोंडिराम : थांब. ते नगं म्हनूस.

पल्लवी : का?

धोंडिराम : कारन ते खरं न्हाई. नोकरी-बिकरी त्या दिशी माझ्या डोक्यात न्हवती. नंतर तुला नोकरी लागली तवा मीबी लोकास्नी सांगत सुटलो, बघा, पोरीचं कल्यान केलं. पर त्या सकाळी मला मेडल पायजे हुतं. मला. तरनेपनी मी यात्रेतल्या शर्यती मारल्या, फेटा बांधला, नारळ दिला, झालं. तालुक्याच्या भायेर मला कुनी वळखलं न्हाई. तवा वाटलं, ही पोरगी पुढं आली की म्हनतील, ही धोंडिरामची. तुझ्या डोळ्यांत पानी हुतं त्या दिशी. बघितलं मी. बघून मान फिरवली.

पल्लवी : बघितलं होतंत?

धोंडिराम : व्हय.

पल्लवी : मला वाटायचं, तुमच्या लक्षातच आलं नाही. इतकी वर्षं तेच धरून होते मी. अण्णांना कळलं नव्हतं, कळलं असतं तर थांबवलं असतं.

धोंडिराम : कळलं हुतं.

पल्लवी : (बाकड्यावरून उठते.)

धोंडिराम : जातीस का? जा. मी काय म्हननार न्हाई. पर तू एवढी तीन दीस पाय वढत आलीस, तुला खोटं कसं सांगू?

पल्लवी : अबोली म्हणाली, तुम्ही क्लब बंद केलात. तो का?

धोंडिराम : तिचाबी गुडघा दुखाय लागला. तवा समजलं, मला यातलं कायबी येत न्हाई. मला कुनी शिकवलं हुतं गं? लोखंडी सायकलीला दुधाचे दोन क्यान आडकवून मी आष्ट्यापतोर जायचो, तेवढीच माझी शाळा. जड वढलं की पाय घट्ट हुत्यात, आसं मला वाटायचं. तुमा पोरीस्नी तेच करायला लावलं. अबोलीच्या आईला जाऊन सांगितलं, पोरीला आता पाठवू नगा. बाकीच्यांच्याबी घरी जाऊन आलो.

पल्लवी : आणि मला? मला का नाही सांगितलंत?

धोंडिराम : फोन केला की. दिवाळीचं निमित्त. त्येच सांगाय करत हुतो दर वर्सी. तू उचलायची न्हाईस. आन खरं सांगू? न्हाई उचललास की जरा बरंबी वाटायचं.

पल्लवी : मला चहा करून देता का, अण्णा?

धोंडिराम : दूध न्हाई. कोरा चालंल?

पल्लवी : चालेल. बसा तुम्ही. मीच करते. चूल कुठाय, गॅस कुठाय, सगळं माहिती आहे मला.

(दुपार. गावातला रस्ता मोकळा आहे. दुकानाच्या दाराशी क्लबातली एक जुनी गिअरची सायकल पुसून उभी केली आहे.)

धोंडिराम : एवढी वर? आगं, सीट आशी ठेवली तर पाय जमिनीला टेकायचं न्हाईत.

पल्लवी : टेकायला नकोतच. पॅडल पार खाली गेल्यावर टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघा दर फेरीला जास्त दुमडतो आणि वाटीवर सगळा भार येतो. पाना द्या तो.

धोंडिराम : धर. चाळीस वर्सं दुसऱ्यांच्या सीटा मीच बसवतोय आन आज मला...

पल्लवी : अजून थोडी. हां. आता कट्ट्याला लावते. कट्ट्यावरून बसा, टांग मारू नका.

धोंडिराम : तू कुठं शिकलीस ह्ये?

पल्लवी : त्या व्यायामवाल्या मॅडमनी शिकवलं. पहिले तीन महिने सायकल बंद. नुसतं खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा. भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली बसायचं. आडवं पडून पाय उचलायचा. मला वाटलं, हा कसला खेळ. मग सायकल दिली, तीही तीन किलोमीटर. दहापैकी किती दुखतंय ते रोज वहीत लिहायचं. तीनपर्यंत चालतं. चार झालं की त्याच जागी वळायचं, आणि दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही.

धोंडिराम : आन बरा झाला?

पल्लवी : नाही. तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत, मीही सांगणार नाही. बरा होत नाही तो. थंडीत पहाटे कळ येते. चढ मला अजून जमत नाही. पण जिना उतरते, दोन्ही पायांनी.

धोंडिराम : किती वर्सं लागली?

पल्लवी : दोन. अण्णा, माझं वय आणि तुमचं वय वेगळं. माझी झीज वेगळी, तुमची वेगळी. आधी त्या सांगलीच्या डॉक्टरांना जाऊन विचारायचं, व्यायाम करू का, सायकल चालवू का. ते नको म्हणाले तर नको. आज फक्त त्या वडाच्या झाडापर्यंत.

धोंडिराम : वडापतोर! पन्नास पावलं न्हाईत.

पल्लवी : तेवढंच. निघा. मी बाजूला आहे.

धोंडिराम : धरू नगंस. लोकं बघत्यात.

पल्लवी : धरत नाही. गिअर खाली करा. अजून. अजून हलका.

धोंडिराम : ह्यो लय हलका झाला. पाय नुसतं भिरभिर फिरत्यात. सायकल चालवतोय आसं वाटंनाच.

पल्लवी : तसंच वाटलं पाहिजे. जोर लावायचा नाही, पाय भराभर फिरवायचे. तुम्हाला आवडणार नाही, माहितीय. मलाही नव्हतं आवडलं. मागून दूधवाले आजोबा पुढे जायचे आणि वळून बघायचे, हिला काय झालंय म्हणून.

धोंडिराम : साताऱ्यात ग्रुप आसत्यात की म्हने सायकलवाल्यांचे. सकाळी सकाळी.

पल्लवी : आहेत. गेले होते सुरुवातीला. ते यवतेश्वरचा घाट चढतात. मी पहिल्या वळणाला थांबायचे. चांगली माणसं होती, वर जाऊन माझी वाट बघायची. मग मलाच नको वाटायला लागलं. आता ते घाटाकडे जातात आणि मी उलट्या बाजूला, कोरेगावच्या रस्त्याला. सपाट आहे.

धोंडिराम : एकटीच?

पल्लवी : एकटीच. नऊ वर्षं झाली. सवय झालीय. पाय नीट फिरत असले की बोलायला कुणी नाही हे लक्षात राहत नाही. घरी येऊन सायकल आत घेतली की मग राहतं लक्षात.

धोंडिराम : व्हय. दुकान बंद केल्यावर.

पल्लवी : किती दुखतंय?

धोंडिराम : न्हाई फारसं.

पल्लवी : आकडा सांगा.

धोंडिराम : दोन. आडीच धर.

पल्लवी : वड आला. वळा.

धोंडिराम : आजून जरा पुढं जाऊ की. शाळेपतोर. वरीस झालं गं मला ह्या रस्त्याला येऊन. शाळेपतोर जाऊन लगीच...

पल्लवी : नाही. वळायचं.

धोंडिराम : वारंबी चांगलं सुटलंय. आन दुखंना एवढं. तिथवर...

पल्लवी : अण्णा, वळा म्हटलं ना!

धोंडिराम : वळतो.

पल्लवी : ओरडले. चुकलं माझं.

धोंडिराम : न्हाई चुकलं. माझ्याच्यानं त्या दिशी एवढं झालं न्हाई. एवढा एक शबूद. वळ म्हनाय काय लागत हुतं?

पल्लवी : सावकाश. कट्ट्याला लावा. हात द्या.

धोंडिराम : पल्लवे.

पल्लवी : काय?

धोंडिराम : मनात राग हाय का आजून?

पल्लवी : आहे. सकाळपेक्षा जास्त आहे, तुम्ही बघितलं होतं हे कळल्यावर. आणि सकाळी इथे यायच्या आधी वाटलं होतं, आता संपला असेल. सपाट रस्त्याला वाटतं, संपला. जिना लागला की आठवतं. काय सांगू मी तुम्हाला?

धोंडिराम : आसू दे. तसाच आसू दे. मला इचारायचं हुतं, इचारलं.

पल्लवी : साडेतीन झाले. मला सांगलीला मावशीकडे पोचायचंय उजेडात. सायकल तिथे ठेवीन, उद्या एसटीनं जाईन. सोमवारी ऑफिस.

धोंडिराम : राहा म्हननार हुतो. पर घरात अंथरून-पांघरून सगळं सुलानं कुठं ठेवलंय ते मलाच सापडत न्हाई.

पल्लवी : पुढच्या वेळी येईन, तेव्हा शोधू. बसा खुर्चीवर. ती नाही, दुसरी. मी जायच्या आधी एकदा करून दाखवा. उजवा पाय सरळ. बोटं आपल्याकडे. मांडी आवळा. आता दहा मोजायचे, मग हळूच खाली. रोज तीन वेळा, दोन्ही पायांना दहा-दहा.

धोंडिराम : एक... दोन... तीन... थरथरतोय गं.

पल्लवी : थरथरू दे. बोलू नका, मोजा.

धोंडिराम : आठ... नऊ... धा.

पल्लवी : छान. डॉक्टरांनी हो म्हटलं की वहीत लिहायला लागा. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा. दर रविवारी मी विचारीन. येते मी, अण्णा.

धोंडिराम : सांभाळून जा. मळ्याच्या वळनाला खडी पडलीय. ... पल्लवे, एक राह्यलं.

पल्लवी : बोला.

धोंडिराम : हे मोजायचं आसतं ते मनातच मोजाय पायजे, का मोठ्यानं मोजलं तरी चालतंय?

पल्लवी : मोठ्यानं मोजा की. काही फरक पडत नाही. का हो?

धोंडिराम : न्हाई, तेवढंच. घरात दिवसभर कोन बोलत न्हाई.